लेकरांच्या अंगावरचा सुवास आणि डब्यावरचा एकच शब्द

विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर ऊन उतरलेले असते, असे धरून चालतात. प्रत्यक्षात वर्धा, पुलगाव, हिंगणघाटच्या टिनाच्या घरांत तेव्हाही अंगाचे पाणी होत असते. शाळा उघडण्याच्या आठवड्यात आपल्या वस्त्यांतल्या किराणा दुकानांत वह्या-पेनांच्या जोडीला आणखी एक माल खपतो. दहा रुपयांची पावडर, पाच-दहा रुपयांचे क्रीम, वासाच्या तेलाच्या छोट्या बाटल्या, शाम्पूच्या पुड्या आणि सातवी-आठवीतल्या पोरांसाठी खिशात मावणारे स्प्रे. आरोग्याच्या या पानावर आज आम्ही याच मालाबद्दल, आणि त्यातही त्याच्या वासाबद्दल लिहितो आहोत.

वस्तीतल्या बैठकांत आम्ही आयांना विचारतो, की लेकराच्या मानेवर एवढी लाल पुरळ असताना त्यावर पावडर का थापता? उत्तरे वेगवेगळ्या तोंडांनी येतात, पण गाभा एकच असतो. एका मायने तो सरळ सांगून टाकला : “ताई, पावडर लावल्याबिगर तिले शाळेत धाडवत नाही. कोनी नाक धरलं तं?”

या भीतीला हसण्याची आमची हिंमत नाही. मेलेली ढोरे ओढायला आपल्या आज्या-पणज्यांना ज्यांनी लावले, त्यांनीच त्या कामाचा वास आपल्या अंगाला कायमचा चिकटवून ठेवला. काम सुटले, गाव सुटले, धम्म स्वीकारला, लेकरे शिकली, तरी तो चिकटवलेला वास काहींच्या नाकातून गेला नाही. बाबासाहेबांना शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले होते. आज गोणपाट नाही. पण बाक बदलून घेणे आहे, डबा खाताना सरकून बसणे आहे, सकाळी डोक्यावरून अंघोळ करून आलेल्या पोरीला सगळ्या वर्गासमोर “अंघोळ करून येत जा” म्हणणे आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना विचारा, त्या याहून जास्त सांगतील. म्हणून आपल्या घरात पावडरचा डबा हा नुसता नटण्याचा प्रकार नाही. लेकराला बाहेरच्या जगात पाठवताना आईने चढवलेले ते चिलखत आहे.

आमचे म्हणणे एवढेच, की हे चिलखत कशाचे बनले आहे ते आईला कळले पाहिजे. आणि आज ते तिला कळू शकत नाही, तशी सोयच ठेवलेली नाही.

पावडर, क्रीम, साबण, तेल यांतला सुवास म्हणजे एक पदार्थ नसतो. सुगंधाच्या धंद्यात तीन हजारांहून अधिक पदार्थ वापरात आहेत. एका डब्यातला “गुलाब” किंवा “मोगरा” हे त्यांतल्या काही डझनांचे, कधी शंभरावर पदार्थांचे मिश्रण असते. गुलाबाचा आणि त्याचा संबंध बहुधा चित्रापुरता. डब्याच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरांत घटकांची यादी असते. तिच्या शेवटाकडे परफ्यूम, फ्रॅग्रन्स किंवा पारफम असा एक शब्द सापडतो. ते सगळे मिश्रण त्या एका शब्दात बसवलेले असते. आपल्या देशाच्या नियमांत एवढे लिहिले तरी चालते.

यांतले बहुतेक पदार्थ बहुतेक लेकरांना काही करत नाहीत, हे आधीच सांगतो. कोणाला घाबरवायला आम्ही बसलेलो नाही. पण काही पदार्थ असे आहेत की ते कातडीला ओळख लावून ठेवतात. पहिल्यांदा लावले, काही झाले नाही. महिनाभर लावले, वर्षभर लावले, काही झाले नाही. आतमध्ये मात्र शरीराच्या संरक्षक पेशी त्या पदार्थाला शत्रू म्हणून नोंदवून ठेवत असतात. एकदा ती नोंद पक्की झाली, की पुढे तो पदार्थ कुठूनही अंगाला लागला तरी एक ते तीन दिवसांत तिथे खाज, लाली, बारीक पाण्याचे फोड आणि मग कोरडी, भेगाळलेली कातडी. याला स्पर्शाची अॅलर्जी म्हणतात. दोन गोष्टींमुळे ती फसवी आहे. एक, त्रास उशिरा दिसतो, त्यामुळे सोमवारी लावलेल्या क्रीमचा संशय बुधवारी येत नाही. आई दोष देते त्या दिवशीच्या वांग्याच्या भाजीला. दुसरी, “आम्ही हे वर्षानुवर्षं वापरतो, कधी काही झालं नाही” हा पुरावा इथे चालत नाही. उलट अॅलर्जी होते ती वापरून वापरूनच.

ही नोंद पुसणारे औषध नाही. ती बहुधा जन्मभर राहते. उपाय एकच, तो पदार्थ टाळणे. आता विचार करा. दहाव्या वर्षी जिच्या कातडीत ही नोंद झाली ती पोरगी पंचविसाव्या वर्षी काय काम करत असेल? आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी बाया धुणीभांडी करतात, दवाखान्यात आणि कचेऱ्यांत सफाई करतात, आमच्यासारख्या वॉर्डात दिवसाला पन्नासदा हात धुतात. भांड्याचा साबण, कपड्याची पावडर, फरशीचे औषध, हात धुण्याचे द्रव, सगळ्यांत तोच सुवासाचा मसाला. पगार हवा तर हात त्यात घालावेच लागतात. हाताला भेगा पडल्या म्हणून काम सोडलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. ज्यांच्याकडे पर्याय आहे त्यांना अॅलर्जी म्हणजे कटकट. आपल्याकडे तिच्यापायी रोजी जाते.

लहान लेकरांबाबत आणखी एक साधे गणित आहे. वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचा पसारा मोठ्यांपेक्षा जास्त असतो. म्हणजे आई जेवढे क्रीम स्वतःला लावते तेवढेच लेकराला चोपडले, तर त्याच्या किलोमागे जास्त पडते. ज्या लेकरांना आधीच इसब आहे, म्हणजे कोपरा-गुडघ्याच्या आत कातडी खरखरीत होऊन खाजते, त्यांच्या कातडीची भिंत आधीच पडकी असते. त्यातून बाहेरचे पदार्थ सहज आत जातात. अशा लेकराला वासाचे काहीही लावू नये, यात आम्हांला शंका नाही.

ऊन आणि टिनाचे घर यांचाही इथे संबंध येतो. लिंबूवर्गातून येणारे लिमोनीन आणि लव्हेंडरसारख्या झाडांतून येणारे लिनालूल हे सुवासाच्या मिश्रणात फार वापरले जाणारे दोन पदार्थ. ताजे असताना ते बऱ्यापैकी सौम्य असतात. हवा लागून त्यांचे रूप बदलले, की त्यांतून कातडीला झोंबणारी, अॅलर्जी करणारी द्रव्ये तयार होतात. झाकण तुटलेली बाटली, खिडकीत ठेवलेले तेल, दोन उन्हाळे पाहिलेला क्रीमचा डबा, आणि बाहेर पंचेचाळीसच्या वर गेलेला पारा. आपल्या घरांत वस्तू संपेपर्यंत वापरली जाते, टाकून देणे परवडत नाही. म्हणून निदान लहान लेकरासाठी तरी जुना, रंग-वास बदललेला डबा बाजूला काढा.

काही जण म्हणतात, मग “नैसर्गिक” वापरा. हा सगळ्यांत मोठा भुलावा आहे. कातडीला झाडाची आणि कारखान्याची जात कळत नाही. लवंगेतले युजेनॉल, दालचिनीतले सिनॅमल हे पदार्थ सुवासाच्या अॅलर्जीच्या तपासणीत मुद्दाम वापरले जातात, कारण ते अॅलर्जी करतात. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात खेळायला गेलेल्या पोरीच्या गालावर भाजल्यासारखे काळे डाग उठतात. ते लिंबाच्या रसावर ऊन पडल्याने होते. कापराचे तर वेगळेच. सर्दी झाली म्हणून तान्ह्याच्या छातीला, नाकाखाली कापराचे तेल किंवा बाम लावण्याची चाल आपल्याकडे आहे. कापूर पोटात गेला तर लहान लेकराला झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या लेकराजवळ तो नेऊच नका.

आता कायद्याकडे येऊ, कारण सगळे ओझे आईच्या शहाणपणावर टाकून आम्हांला मोकळे व्हायचे नाही. युरोपातल्या देशांनी २००३ साली नियम केला, की अॅलर्जी करणारे २६ सुवासिक पदार्थ ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असतील तर त्यांचे नाव डब्यावर वेगळे छापायचे. अंगावर राहणाऱ्या क्रीम-तेलासाठी ते प्रमाण एक हजारांश टक्का इतके कमी आहे. २०२३ मध्ये ती यादी वाढवून ऐंशीच्या पुढे नेली. लिलियल नावाचा एक सुवासिक पदार्थ वर्षानुवर्षे साबण-क्रीमांत होता. प्रजननाला घातक ठरल्यामुळे १ मार्च २०२२ पासून तिथे त्याच्यावर बंदी आहे. एवढेच काय, मुलांच्या खेळण्यांसाठी २००९ साली केलेल्या नियमात त्यांनी ५५ सुवासिक पदार्थ खेळण्यांत घालायला मनाई केली. लेकरू ज्या बाहुलीला हात लावते तिच्या वासाचाही विचार तिथे झाला.

आपल्याकडे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत. त्यांत चांगल्या गोष्टी आहेत. डब्यावर कारखान्याचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, वापरण्याची मुदत हवी. घटकांची यादी हवी. पण त्या यादीच्या अटीला एक सूट आहे, आणि ती वाचून आमचे डोके फिरले. द्रव पदार्थ ६० मिलीपेक्षा कमी किंवा घट्ट-निमघट्ट पदार्थ ३० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर अशा लहान पॅकवर घटकांची यादी छापली नाही तरी चालते.

लहान पॅक कोण घेते? महिन्याचे सामान एकदम भरणारे घर मोठा डबा आणते. त्याच्यावर यादी असते. रोजच्या मजुरीवर चालणारे घर दहा रुपयांचा डबा आणि पाच रुपयांची ट्यूब आणते. आत तेच क्रीम, तोच वास, पण त्यात काय आहे हे जाणण्याचा हक्क मात्र पैशाने तोललेला. छपाईला जागा पुरत नाही, असे कारण सांगतात. जागा कशी पुरत नाही? त्याच पॅकवर हसणाऱ्या गोऱ्या बाळाच्या चित्राला जागा आहे, “सौम्य”, “मुलायम” असल्या शब्दांना जागा आहे.

आपल्या राज्यात मुलांच्या पावडरवरून मोठा वाद झाला होता, तो अनेकांना आठवत असेल. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंडच्या कारखान्याचा बेबी पावडरचा परवाना रद्द केला. पुणे आणि नाशिकमधून घेतलेल्या नमुन्यांत पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप, मानकापेक्षा जास्त आढळले हे त्याचे कारण. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. नव्याने घेतलेले नमुने मानकात बसले, आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ते आदेश रद्द केले. पहिले नमुने २०१८ च्या डिसेंबरातले होते, कारवाई झाली २०२२ मध्ये. एवढ्या विलंबावर न्यायालयाने बोट ठेवले. कोण बरोबर, कोण चूक हा इथे मुद्दा नाही. आम्हांला दिसते ते असे, की एका मापाचा वाद निकाली निघायला चार वर्षे लागली. त्या चार वर्षांत ती पावडर घेतलेली बाळे बालवाडीत जाऊ लागली. आणि हा वाद पीएचचा होता. सुवासात काय आहे, हे त्या आदेशांत विचारलेलेच नव्हते.

पावडरबद्दल आमचे मत तर त्याहून सरळ आहे. लेकराला पावडर लागतच नाही. घामोळ्या येतात त्या घामाची छिद्रे बुजल्याने. त्यांवर पावडर थापली की घामाबरोबर तिचा चिखल होतो, मानेच्या आणि काखेच्या वळ्यांत तो घासतो. आणि थापताना जो ढग उडतो तो नाकावाटे छातीत जातो. दम लागणाऱ्या लेकराच्या घरात तर पावडर आणि स्प्रे दोन्ही नकोतच. घामोळ्यांना साधे पाणी पुरते. दिवसातून दोनदा गार पाण्याने अंग धुवा, टिपून कोरडे करा, सुती सैल कपडे घाला, झोपताना वारा लागू द्या. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तीत “दोनदा अंग धुवा” म्हणणे सोपे नाही, हे आम्हांला माहीत आहे. ओल्या फडक्याने मान, काख, जांघ पुसली तरी चालते.

आता एक अशी साखळी सांगतो जी आम्हांला सगळ्यांत जास्त छळते. वासाच्या क्रीमने किंवा तेलाने पुरळ येते. आई औषधाच्या दुकानात जाऊन “खाजेची ट्यूब” मागते. दुकानदार अशी ट्यूब देतो जिच्यात स्टेरॉइड असते, सोबत बुरशीचे आणि जंतूंचे औषध मिसळलेले. दोन दिवसांत लाली जाते. आईला वाटते, रामबाण मिळाला. मग ती ट्यूब घरभर फिरते, गजकर्णालाही तीच, पोराच्या चेहऱ्यालाही तीच. स्टेरॉइडने गजकर्णाची खाज दबते, पण बुरशी आतून पसरत जाते आणि नंतर औषधाला सहजासहजी दाद देत नाही. चेहऱ्याची कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा आदेश काढला. दुकानांत काय चालते ते वाचकांनी स्वतः पाहावे. या ट्यूबलाही बहुधा छान वास असतो, हे जाता जाता सांगतो.

आठवडी बाजारातल्या आणि ब्युटीपार्लरमधल्या बिननावाच्या क्रीमबद्दल वेगळे लिहायला हवे, पण दोन वाक्ये इथेच. आपल्याच विदर्भात, अकोल्यात, गोरेपणाचे क्रीम वापरणाऱ्या एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. ज्या डब्यावर कारखान्याचा पत्ताच नाही, त्याचा वास कितीही छान असो, तो घरात आणू नका. आणि लेकराला गोरे करण्याची हौस मुळात कुठून आली, हे आपल्या घरात तरी समजावून सांगायची गरज नसावी.

मुलींची गोष्ट मात्र दबक्या आवाजात राहते, म्हणून ती मोठ्याने बोलतो. अकरा-बाराव्या वर्षी पाळी सुरू झालेल्या मुलींना वासाचे पॅड आवडतात, कारण तिथेही भीती तीच, कोणाला वास आला तर? शरीराचा तो भाग सगळ्यांत नाजूक. तिथे वासाचे पॅड, वासाचे पुसणे, वासाचा साबण वापरल्याने जळजळ, खाज, सूज घेऊन येणाऱ्या मुली आम्ही पाहतो. त्या लाजेने महिना महिना सांगत नाहीत. बिनवासाचे पॅड, किंवा स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेला सुती कपडा, वेळेवर बदलणे आणि बाहेरून साधे पाणी, एवढे पुरते. पाळीच्या रक्ताला थोडा वास असतोच. तो रोग नाही आणि ती घाणही नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना स्वच्छ राहायला सांगितले, अस्पृश्यतेची ओळख पटवणारे दागिने आणि लुगड्याची पद्धत टाकायला सांगितले. अंगावरची खूण पुसा, असे ते सांगणे होते. तिच्यावर दुसरी काही तरी थापा, असे नव्हते. काही उपासक आम्हांला अष्टशीलाची आठवण देतात, की त्यात सुगंध आणि लेपनापासून दूर राहण्याचे शील आहेच. ते खरे आहे, पण उपोसथाच्या दिवशी मोठ्या माणसाने स्वतःहून घेतलेले ते बंधन आहे. अॅलर्जीचा विषय त्याने सुटत नाही आणि आठ वर्षांच्या पोरीच्या गळ्यात ते घालायचेही नाही. तिला विहारात फुलांचा वास घेऊ द्या, सणाला आत्याचे अत्तर फ्रॉकच्या काठाला लावू द्या. कापडाला लावलेले कातडीला लावण्यापेक्षा बरेच बरे. आमचे भांडण रोज, वर्षभर, कातडीवर चोपडण्याशी आहे.

रोजच्यासाठी काय? हिवाळ्यात अंग उलते तेव्हा अंघोळीनंतर ओलसर अंगावर साधे खोबरेल तेल, खाण्याचे. केसांचे म्हणून विकले जाते त्यात बहुधा वास मिसळलेला असतो, कपाळाच्या कडेला आणि कानामागे पुरळ येते ती पुष्कळदा त्यानेच. भेगांना बिनवासाचे पेट्रोलियम जेली. साबण रोज सगळ्या अंगाला नको. काख, जांघ, पाय आणि हात पुरेत. नवीन काही आणलेच तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, आठ दिवस लावून पाहा. खाज-लाली आली तर ते त्या लेकरासाठी नाही. काही झाले नाही म्हणजे कायमचे सुरक्षित, असे मात्र समजू नका. डब्यावर इंग्रजीत “अनसेंटेड” असेल तरी आत वास झाकणारा वास असू शकतो. “फ्रॅग्रन्स फ्री” शोधा, आणि यादीत वर सांगितलेले तीन शब्द नाहीत ना ते घरातल्या शिकणाऱ्या पोराकडून वाचून घ्या.

सगळीच खाज वासाने नसते, हेही ध्यानात ठेवा. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यात असलेली, घरातल्या दोघा-तिघांना एकदम झालेली खाज ही खरूज असते. तिथे क्रीम बंद करून काही होणार नाही, सगळ्या घराने एकाच दिवशी औषध लावावे लागते. पुरळ दोन आठवडे हटत नसेल तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीच्या आचार्य विनोबा भावे रुग्णालयात त्वचारोग विभागात दाखवा, आणि जाताना वापरात असलेले सगळे डबे, ट्यूब, साबणाचे कागद पिशवीत घालून न्या. अॅलर्जी नेमकी कशाची हे शोधायला पाठीवर पट्ट्या लावून, दोन दिवस ठेवून तपासतात. ती पॅच टेस्ट कुठे होईल ते तिथेच विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येते. त्या दिवशी लेकराच्या कातडीबद्दल सांगायला बाईंकडे चिठ्ठी द्या.

आणि शाळेशी बोला. एकट्या आईने नाही, चार-पाच जणींनी मिळून. शाळा व्यवस्थापन समितीत आपली माणसे असतात, त्यांनी दोन गोष्टी मांडाव्यात. शाळेत हात-तोंड धुवायला चालू नळ हवा, आणि कोणाच्या अंगाच्या वासावर वर्गात बोलणे हा चेष्टेचा विषय धरला जाणार नाही. हे दुसरे झाले तर पावडरचे अर्धे डबे आपोआप बंद होतील, असे आम्हांला वाटते.

लहान पॅकवरची सूट काढा आणि अॅलर्जी करणाऱ्या सुवासिक पदार्थांची नावे छापा, ही मागणी केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे जायला हवी. येत्या वर्षावासात विहाराविहारांतून सह्या गोळा करायचे आम्ही ठरवतो आहोत. तोवर हातात असलेले एक हत्यार वापरता येते. १९४० च्या त्याच कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोणीही ग्राहक आपण विकत घेतलेले प्रसाधन, ठरलेली फी भरून, सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो आणि सहीचा अहवाल मागू शकतो. त्यासाठी दुकानदाराकडून पावती घ्यावी लागेल, अगदी दहा रुपयांच्या डब्याचीसुद्धा. तो कुरकुर करेल. अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय वर्ध्यातच आहे, आणि ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पुरळ आलेल्या जागेचा फोटो, तारीख, डबा आणि पावती, हे चार एका पिशवीत ठेवलेले असले की तक्रार लिहायला आम्ही बसू. रविवारी वंदना झाल्यावर विहारात असतो.